फुलं बघण्याचा कार्यक्रम

"रविवारी फुलं बघायला जाऊ या का, काकू?" असं सुरेखाने फोनवर विचारलं, तेव्हा त्या वाक्यात फुलं किती आणि मुलगी किती, याचा हिशोब लीलावतीबाईंनी तिथल्या तिथे मांडला. सांगलीतल्या एका नागरी बँकेत त्यांनी उभा जन्म काढला होता. काम असलेला माणूस आधी हवापाण्याच्या गोष्टी करतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"कसली गं फुलं?"

"रानफुलं हो. क्लेअरला. दगडी वाळवंट आहे तिथे मोठं, आणि वसंतात त्या वाळवंटात फुलं येतात. लोक कुठून कुठून येतात बघायला."

"आणि फुलाचं वय काय म्हणालीस?"

सुरेखा पलीकडून खुदकन हसली. "तीस पूर्ण. शर्वाणी नाव. डंडॉकला असते, कंपनीत. माणसं साताऱ्याची. आईवडील आलेत सध्या तिच्याकडे. पण एक आहे काकू, मुलीला यातलं काही माहीत नाही. कळलं तर गाडीतून उतरायची नाही."

"आमच्याकडे तरी कुठे माहीत आहे?" लीलावतीबाई म्हणाल्या. "हृषीला कळलं तर गाडीत बसायचा नाही."

"मग झालं तर. मुलीच्या आईला माहीत आहे, वडिलांना नाही. ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांना खरंच फुलं बघायची आहेत. खाणं प्रभाताई आणणार आहेत. पोहे. पण कांद्याचे नाहीत हं, मुद्दाम बटाट्याचे. कांदेपोहे दिसले की मुलीला वास येईल."

सुरेखा स्वोर्ड्सला राहायची. डब्लिनच्या मराठी माणसांतली तीन लग्नं तिने जुळवली होती, आणि चौथं आपलं आपण जुळलं तेही ती स्वतःच्या खात्यावर धरायची. लीलावतीबाईंनी तो खोटा जमाखर्च चालवून घेतला होता, कारण त्यांची स्वतःची मुदत संपत आली होती.

खरं तर त्या एप्रिलातच सांगलीला परतायच्या. पण आइसलंडात कुठलासा डोंगर फुटला आणि त्याच्या राखेने युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली. लोकांनी त्या डोंगराला शिव्या घातल्या. लीलावतीबाईंनी मनातल्या मनात त्याला नारळ वाढवला. नवं तिकीट मे महिन्यातलं मिळालं, येत्या मंगळवारचं. म्हणजे हा रविवार शेवटचा.

हृषीकेश टॅलाच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर होता. मुलगा गुणी, निर्व्यसनी, आईला रोज विचारणारा. पण या मुक्कामात लीलावतीबाईंनी एक गोष्ट पाहिली होती आणि ती त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. हा मुलगा उभ्याने जेवायचा. ड्यूटीवरून आला की प्रेस उघडायचा, इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, त्यातून एक वाडगं काढायचा, त्यात असेल ते घालायचा आणि सिंकपाशी उभा राहून, खिडकीतून मागच्या कचऱ्याच्या डब्यांकडे बघत खायचा.

"बस की रे जरा."

"बसलो की झोप येते गं."

जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. त्यातल्या तीन खुर्च्यांचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. लीलावतीबाई असेपर्यंत तो त्यांच्या धाकाने चौथीवर टेकायचा. मंगळवारनंतर तीही रिकामी. सून आणायची हौस वगैरे त्यांची केव्हाच फिटली होती. त्यांना फक्त असं कुणीतरी हवं होतं, की जिच्यासमोर हा मुलगा खाली बसून जेवेल.

रविवारी निघताना त्यांनी नारायणपेठी नेसली, पायात स्पोर्ट्स शूज घातले आणि सुरेखाने 'वाळवंट' म्हटल्याचं आठवून पर्समध्ये दोन कांदे टाकले. एक स्वतःला, एक हृषीला. ऊन बाधू नये म्हणून.

पश्चिमेकडे जाणाऱ्या नव्या मोटरवेवर पावसाने काचा धुऊन काढल्या. गाडीतल्या आकड्याप्रमाणे बाहेर नऊ अंश होते.

"आई, तू साडी का नेसलीस?" हृषीकेशने विचारलं.

"फुलं बघायला जायचं तर जरा बरं नको दिसायला?"

"फुलांना?"

मागच्या सीटवरून सुरेखाने खोकल्याची मोठी उबळ आणली.

बॅलिव्हॉन गावाच्या पुढे रस्त्याकडेला शर्वाणीची गाडी उभी होती. समोर डोंगर होता, पण त्याच्यावर माती नावाची वस्तू ठेवायचं देव विसरून गेला होता. करड्या दगडाच्या फरश्याच फरश्या, कुणीतरी अंगण करायला घेतलं आणि हात आखडता घेतला असं वाटावं. दोन फरश्यांमध्ये पाय अडकेल एवढ्या भेगा. वारा असा, की लीलावतीबाईंनी पदर धरायला हात लावला तर हातच पदराबरोबर निघाला.

"हे वाळवंट?" त्या म्हणाल्या.

"बर्रन म्हणतात याला, काकू," सुरेखा म्हणाली. "बॅरन. म्हणजे ओसाड, तेच."

"नाही, नाही!" एक ठेंगणे गृहस्थ भेगांवरून टुणटुण उड्या मारत आले. गळ्यात भिंग, गुडघे टेकायला काखोटीला प्लास्टिकची पिशवी. "बर्रन हा इथल्या आयरिश भाषेतला शब्द. खडकाळ जागा, एवढाच अर्थ. ओसाड मुळीच नव्हे. मी प्रल्हाद. तुम्हीसुद्धा जेन्शियनसाठीच आलात ना?"

"होय की," लीलावतीबाई गंभीरपणे म्हणाल्या. "तिच्याचसाठी."

"वा! तर बघा, आर्क्टिककडची झाडं आणि भूमध्य समुद्राकाठची झाडं इथे शेजारीशेजारी वाढतात. एक बर्फातलं, एक उन्हातलं. कुणी म्हणेल यांची पत्रिका कशी जुळावी? पण संसार उत्तम चाललाय!"

त्यांच्यामागे उभ्या असलेल्या प्रभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आकाशाकडे बघितलं. त्या माणसाला खरंच काही माहीत नव्हतं.

आणि मुलगी? अंगात रेनकोट, पायात गुडघ्याएवढे चिखलाचे बूट, डोक्यावर कान झाकणारी टोपी. ती बिचारी खरोखर फुलं बघायला आली होती. लीलावतीबाईंनी नोंद केली: चाल ठाम. नजर सरळ. केस टोपीखाली, ती रक्कम येणे बाकी.

प्रल्हादरावांनी सगळ्यांना उभं करून जेन्शियनची ओळख करून दिली. बोटभर उंचीचं रोप, पाच पाकळ्या आणि निळा रंग. "कसला निळा, ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलेलं नाही. तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढलं. पोरं विचारायची, सर, असंच असतं का? मी म्हणायचो, असंच. उद्या आम्ही परत चाललो. तेव्हा आज ते दिसलं पाहिजे, नाहीतर मी तीस वर्षं थाप मारली असं होईल. डॉक्टर, तुमचे गुडघे तरणे आहेत. चला माझ्याबरोबर."

आणि त्यांनी हृषीकेशचा दंड धरला आणि ओढत नेला.

तिन्ही बायका बघत राहिल्या. एवढी जुळवाजुळव करून मुलगा आणला, तो मुलीच्या बापाने पळवला.

पुढचा तासभर लांबवर दोन पुरुष ओणवे होऊन डोंगर हुंगत होते. पाऊस येत होता, जात होता. कुत्रं घेऊन निघालेला एक म्हातारा शेतकरी थांबला, टोपीवरचं पाणी झटकलं, "ग्रँड डे, थँक गॉड," म्हणाला आणि पुढे गेला. याला वाईट दिवस कसला लागत असेल, याचा लीलावतीबाई विचार करू लागल्या.

"काकू, तुम्ही इथे बसा. भिंतीने वारा अडेल." शर्वाणीने आपला स्कार्फ घडी करून दगडावर ठेवला. जमा. "आणि ती पिशवी द्या माझ्याकडे." जमा.

प्रभाताई आणि सुरेखा मुद्दाम लांब फिरायला गेल्या. लीलावतीबाईंनी विचार केला, मुलाला नाही तर नाही, आपण तर बघून घेऊ.

"एकटीला करमतं गं तिथे डंडॉकला?"

"करमतं की. ऑफिसमध्ये सगळे धमाल आहेत. रोज सकाळी युअर मॅन माझ्यासाठी चहा करून ठेवतो."

लीलावतीबाईंचा जमाखर्च जागीच अडला. "कोण मॅन? कुणाचा?"

"युअर मॅन, काकू."

"माझा?"

शर्वाणी इतकी हसली की टोपी मागे सरकली. केस बरे होते. "अहो, इथे कुणाही बुवाला 'युअर मॅन' म्हणतात. आपण 'तो गडी' म्हणतो ना, तसं. सिक्युरिटीवर आहेत एक आजोबा."

जमाखर्च पुन्हा चालू झाला. लीलावतीबाईंनी जरा हात मोकळा सोडला. "मग लग्नाचं काय?"

"आईने सांगितलं का विचारायला?"

"छे गं! आपलं सहज."

"मागच्या दिवाळीत साताऱ्याला एकजण आला होता. मी पोह्यांची बशी दिली. त्याने खाता खाता विचारलं, आयर्लंडचा पासपोर्ट किती वर्षांत मिळतो. मग म्हणाला, पोहे छान झालेत, अजून घेतो. घेतले. आणि चार दिवसांनी नकार कळवला." तिने एक खडा उचलून भेगेत टाकला. "नकाराचं काही नाही हो. पण दुसऱ्यांदा पोहे मागून?"

"निर्लज्जच म्हणायचा," लीलावतीबाई मनापासून म्हणाल्या.

"तेव्हाच ठरवलं. यापुढे पोहे घेऊन मी कुणासमोर जाणार नाही."

लीलावतीबाईंची नजर भिंतीशी ठेवलेल्या पोह्यांच्या डब्याकडे गेली आणि तिथून लगेच परत आली.

शर्वाणी चहाचा थर्मास आणायला गाडीकडे गेली, आणि तेवढ्यात ढग फाटले. असं ऊन पडलं की सगळा डोंगर एकदम धुऊन वाळत घातल्यासारखा दिसायला लागला. आतापर्यंत करडं वाटत होतं, त्याच भेगाभेगांतून पांढरी, जांभळी, पिवळी फुलं माना वर करून उभी होती. लीलावतीबाईंना वाटलं, ही काय आत्ता आली? की आपण मघापासून दुसऱ्याच फुलाकडे बघत होतो?

त्यांनी पाय सरळ केले, आणि त्यांच्या बुटाच्या टोकाशी, गवताच्या इवल्या चटईवर, पाच पाकळ्यांचं एक निळं फूल त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

त्यांच्या नारायणपेठीला निळे काठ होते, चांगल्यापैकी. ते त्या फुलाशेजारी धुवट दिसले.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. बँकेतली सवय, सही करायच्या आधी परिणाम बघायचा. आता प्रल्हादरावांना हे दाखवलं, तर ते इथेच ठाण मांडतील. मग फोटो निघतील, माहिती होईल, पोहे होतील, आणि "बरंय, निघू या" म्हणून दोन गाड्या दोन दिशांना. मुलगा-मुलगी शेजारी बसलीसुद्धा नव्हती. फूल काय, अर्ध्या तासाने सापडलं तरी फूलच.

प्रभाताईंच्या पिशवीतून त्यांनी एक स्टीलचा पेला काढला आणि हलकेच, एकही पाकळी दबणार नाही असा, त्या फुलावर उपडा ठेवला. मग उभ्या राहून हाक दिली.

"अहो प्रल्हादराव! सुरेखाला तिकडे, त्या पलीकडच्या भिंतीशी काहीतरी निळं दिसलं म्हणे!"

लांबवर उभ्या सुरेखाला काहीच दिसलेलं नव्हतं. पण ती या धंद्यात मुरलेली बाई. "हो, हो! निळंच! या ना!" असं ओरडून ती प्रभाताईंना घेऊन वाट फुटेल तिकडे चालू लागली. प्रल्हादराव मागोमाग धावले.

"आणि हृषी, तू इकडे ये रे. मला गरगरतंय."

हृषीकेश भेगा ओलांडत पळत आला आणि त्याने मनगट धरलं. "पल्स ग्रँड आहे, आई."

"तू आलास ना, बरं वाटलं. ही शर्वाणी चहा घेऊन येतेय. तुम्ही बसा, मी जरा चालून येते."

"गरगरतंय ना?"

"चाललं की थांबतं."

आयर्लंडमधल्या शेतांच्या भिंती चुन्यामातीशिवाय नुसत्या दगडावर दगड ठेवून रचतात. मधून फटी राहतात. कशासाठी, ते लीलावतीबाईंना त्या दिवशी कळलं. एका फटीला डोळा लावून त्या उभ्या राहिल्या.

शर्वाणीने चहा दिला. हृषीकेशने थँक्यू म्हटलं. तो उभ्यानेच प्यायला. वाऱ्यावरून शब्द येत होते: "रेंट", "एम फिफ्टीवरचं ट्रॅफिक", "पार्किंग". दोघं एकमेकांशी इतकी सभ्यपणे बोलत होती की त्यातून काही निघायची सोय नव्हती. बसस्टॉपवरची माणसं याहून मोकळी बोलतात. मग त्याने फोन काढला. मग तिने काढला.

ऊन गेलं. लीलावतीबाईंनी फटीवरून डोळा काढला. सबंध दिवस नावे पडला होता.

थोड्या वेळाने प्रल्हादराव परत आले. हातात एक फाटकी पिशवी होती.

"निळं होतं खरं," ते म्हणाले. "खताचं पोतं निघालं." त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, कारण अशा जागी कचरा टाकायचा नसतो, आणि ते दगडावर बसले. भिंग गळ्यातून काढून हातात घेतलं. "ऊन होतं तेव्हा मी नेमका तिकडे. आता ढग आले. जाऊ दे. खडूचंच खरं म्हणायचं."

हे त्यांनी हसून म्हटलं. पण लीलावतीबाईंना ते हसू बघवलं नाही. तो पेला प्रल्हादरावांपासून चार हातांवर होता, ते एकट्या लीलावतीबाईंनाच ठाऊक, आणि आता काय सांगून उचलायचा ते सुचत नव्हतं.

"आधी खाऊन घ्या," प्रभाताई म्हणाल्या आणि त्यांनी पोहे वाढले. पिवळेधमक, बटाट्याच्या फोडी, वर कोथिंबीर. हृषीकेश ताटली घेऊन भिंतीशी उभा राहिला. शर्वाणीने पोह्यांकडे जरा रोखून बघितलं, पण कांदा कुठे दिसेना, तशी तीही खायला लागली.

"हे काय, प्रभा?" प्रल्हादराव म्हणाले. "कांदा नाही?"

"नाही घातला आज."

"अगं, पण पोह्यात कांदा नाही? आपल्या घरात असं कधी झालंय? तोंडी लावायला तरी आणायचास एखादा!"

लीलावतीबाईंच्या मनावर त्या म्हाताऱ्याचं ओझं होतं. त्याला काहीतरी देता आलं तर बरं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कुणी काही मागितलं की हात पर्सकडे जायचा, हीही जन्माची सवय. पर्स उघडली गेली. कांदा बाहेर आला.

"हा घ्या की."

हृषीकेशने कांद्याकडे बघितलं. पोह्यांकडे बघितलं. आईच्या नारायणपेठीकडे, सुरेखाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे आणि सरतेशेवटी शर्वाणीकडे बघितलं. शर्वाणी त्याच वाटेने, त्याच क्रमाने येऊन त्याच्यापर्यंत पोचली होती.

"आई," हृषीकेश म्हणाला, "हा कार्यक्रम आहे?"

"कसला कार्यक्रम?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"बाबा, आपण फुलं बघायला आलेलो नाही," शर्वाणी म्हणाली. "हे लोक मला बघायला आलेत. आई, हो ना?"

प्रभाताई बटाट्याची फोड चमच्याने दोन्हीकडून तपासू लागल्या.

प्रल्हादराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता की सुरेखा दोन पावलं मागे सरकली. "म्हणजे," ते म्हणाले, "म्हणजे इथे जेन्शियन नाहीच?"

लीलावतीबाईंना राहवलं नाही. "आहे हो, आहे! मी स्वतः बघितलं!" असं म्हणत त्या धावल्या आणि त्यांनी तो पेला उचलला.

पेल्याखाली हिरव्या देठावर निळसर-काळपट पिळाची एक वात उभी होती. उदबत्तीचं टोक असावं तशी. फूल नव्हतंच.

"आत्ता उघडं होतं!" त्या म्हणाल्या. "एवढं होतं! निळं!"

प्रल्हादराव पिशवी टाकून गुडघ्यावर बसले. भिंग लावलं. वात चहूबाजूंनी न्याहाळली. मग म्हणाले, "तेच आहे. पण मिटलंय. ऊन गेलं की मिटतं हे." मग सावकाश वर बघितलं. "ताई, यावर पेला कुणी ठेवला?"

बँकेत साहेबांनी चूक विचारली तर लीलावतीबाई कागद पुढे करायच्या. इथे कागद नव्हता. "मी ठेवला," त्या म्हणाल्या. "तुम्ही इकडे आला असता तर ही दोघं बोलली नसती. म्हणून."

"आई!" हृषीकेश म्हणाला. "तू फूल झाकून ठेवलंस?"

"मग काय करू? मंगळवारी मी चालले!" त्यांचा आवाज त्यांच्या नकळत चढला. "तू उभ्याने जेवतोस! तिथे नळापाशी, घोड्यासारखा! आत्तासुद्धा बघ, उभाच आहेस!"

सगळ्यांनी हृषीकेशकडे बघितलं. तो ताटली घेऊन उभाच होता. तो लाल झाला, इकडे तिकडे बघितलं, आणि जवळच्या दगडावर खाली बसला.

मग शर्वाणीला हसू फुटलं. आधी तिने ते तोंडावर हात ठेवून आवरलं, मग आवरेना. "सॉरी, काकू," ती म्हणाली. "पण फुलावर पेला?"

"ऊन आलं तर उघडेल," प्रल्हादराव म्हणाले. बाकीचं कुठलंच बोलणं त्यांच्या कानात शिरलेलं दिसत नव्हतं. "मी इथून हलणार नाही."

तेव्हा कुणालाच हलता आलं नाही. सहा माणसं त्या बोटभर वातीभोवती गोल करून बसली. ढग जाड होते. सुरेखाने छत्री उघडली, तर प्रल्हादराव ओरडले, सावली पडते. तिने मिटली.

"फूल लाजलंय," ती पुटपुटली. "समोर एवढी माणसं बसली की कुणीही लाजेल."

"बरोबर," शर्वाणी म्हणाली. तिने हृषीकेशकडे तोंड फिरवलं, पाय पसरले आणि मांडीवर हात ठेवून अगदी पोक्त आवाज काढला. "मग? नाव काय म्हणालात?"

"कुणाचं? माझं?" हृषीकेश गडबडला. "हृषीकेश."

"छान. शिक्षण झालेलंच आहे. स्वयंपाक येतो?"

"मॅगी."

"गाता का?"

"नाही."

"थोडं?"

"थोडंही नाही."

"स्वभाव कसा आहे हो मुलाचा?" हे तिने लीलावतीबाईंना विचारलं.

"गरीब आहे," लीलावतीबाई हात जोडून म्हणाल्या. "चार माणसांत मिसळत नाही, पण सांभाळून घ्या."

"बघू. जरा चालून दाखवा."

हृषीकेशने आईकडे बघितलं, पण तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती. तो उठला, ताटली दगडावर ठेवली, ऐटीत पाच-सहा पावलं गेला आणि सातव्याला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत एका भेगेत गेला.

शर्वाणीच उठून गेली. तिने हात दिला, त्याने धरला. "तुमच्यात पायाचा डॉक्टर असतो का?" असं ती म्हणाली आणि तो पहिल्यांदा मोकळं हसला. बाहेर निघाल्यावर दोघं परत आपापल्या दगडांवर आली नाहीत. एकाच दगडावर आली, तो जवळ होता म्हणून. त्याने ताटली मांडीवर घेतली. प्रभाताईंनी कांदा चिरून दिला. तो बसून खात होता.

"अजून घेऊ का पोहे?" त्याने विचारलं.

"विचार करून मागा," शर्वाणी म्हणाली. "दुसऱ्यांदा पोहे मागून चार दिवसांनी नकार कळवलात, तर माझ्याशी गाठ आहे."

हृषीकेशने ताटली हातात धरून खरोखरच विचार केला. निदान लीलावतीबाईंना तो फार लांबलेला वाटला. मग त्याने ताटली पुढे केली.

आणि ढग हलले.

उन्हाची कड डोंगरावरून खाली सरकत आली, भिंतीवर चढली, उतरली आणि त्यांच्या पायांशी पोचली. बराच वेळ वात तशीच राहिली. मग तिचा पीळ सैल पडला. मग कुणी बघतंय न बघतंय तोवर एक पाकळी सुटली, आणि बाकीच्या चार तिच्या मागून.

प्रल्हादरावांनी भिंग लावलं नाही. फोटोही काढला नाही. नुसतेच बघत राहिले. चष्मा काढून पुसला, आणि पुन्हा बघितलं.

"प्रभा," ते म्हणाले, "खडू फारच फिका होता गं."

निघताना सुरेखाने शर्वाणीला बाजूला घेतलं. "मग काय सांगू मी त्यांना?"

"काही सांगू नका," शर्वाणी म्हणाली. "त्यांना बघता येतं. भिंतीतून बघत होत्या मघाशी. मला पदर दिसत होता."

प्रभाताईंनी उरलेले पोहे डब्यात भरून हृषीकेशच्या हातात दिले. स्टीलचा चांगला, झाकणावर नाव घातलेला डबा. लीलावतीबाईंनी तो डबा बघितला आणि मनातल्या मनात प्रभाताईंना सलाम केला. हीही कच्ची बाई नव्हती.

परतीच्या वाटेवर सुरेखा मागच्या सीटवर झोपून गेली. पाचवं लग्न जुळल्याची स्वप्नं तिला पडत असावीत.

"जूनमध्ये तिथे वेगळी ऑर्किड येतात म्हणे," हृषीकेश बऱ्याच वेळाने म्हणाला.

"कोण म्हणे?"

"शर्वाणी."

"जूनमध्ये मी नसेन रे."

"म्हणूनच," हृषीकेश म्हणाला.

सोमवारी त्याला सुट्टी होती. लीलावतीबाई बॅग भरत होत्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्रेस उघडल्या-लावल्याचे आवाज आले. जाऊन बघतात तर त्याने तो डबा घासून पुसून ओट्यावर ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत उभा होता.

"डबा परत द्यायला हवा," तो म्हणाला. "त्यांचं विमान संध्याकाळी आहे, शर्वाणी त्यांना सोडायला येणार आहे. एअरपोर्टवरच देतो."

"दे की. पण रिकामा देऊ नये."

"माहीत आहे. मग काय घालू?"

लीलावतीबाईंनी टेबलापाशी जाऊन एका नव्या खुर्चीचं प्लास्टिक सोलून काढलं आणि तिच्यावर बसल्या. हृषीकेश जरा वेळ डोकं खाजवत राहिला. मग त्याने सगळ्यात वरच्या कप्प्यातून पोह्यांचं पाकीट काढलं.

"आधी भिजवायचे, की आधी धुवायचे?"

"चाळणीत धुवायचे आणि तसेच ठेवायचे. भिजवलेस तर लगदा होईल."

"बटाटा आहे घरात?"

"बटाट्याचे कशाला? आता काय लपवायचंय?"

त्याने दोन प्रेस उघडले, फ्रिज उघडला, खाली वाकून टोपलीत बघितलं. "कांदा नाही गं कुठे."

"माझ्या पर्समध्ये आहे," लीलावतीबाई म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचा."